सामंत सरांचं एकही कलम मेलं नाही

सामंत सरांनी मला फसवलं. माझ्या वडिलांच्या आंब्याचं कलम म्हणून त्यांनी मला नर्सरीतून आणलेला हापूस दिला, तो वडिलांचाच समजून मी चार वर्षं वाढवला, आणि तोवर वडिलांचं झाड तुटून त्याची लाकडं कुठे गेली तेही कुणाला माहीत नाही.

सरांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्या गच्चीवर दर रविवारी जमणारी मंडळी आता स्मृतिदिनाला पुस्तिका काढताहेत. सरांचा उजवा हात असलेला बोरकर त्यासाठी माझ्या दुकानात आला होता. माझं मुलुंडला फळांचं दुकान आहे. पपया दाबून बघत तो म्हणाला, "ताई, सरांची एखादी गोड आठवण द्या ना लिहून. एक पान पुरे."

मी म्हटलं, "गोड हवं असेल तर चिकू ने."

तो हसला. मी गंमत करतेय असं त्याला वाटलं. म्हणून लिहायला बसले आहे. एका पानात मावणार नाही.

सर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलुंड पूर्वेच्या आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर घरच्या घरी कलम करायला शिकवण्याचा वर्ग सुरू केला. फी काही नाही. मी बाजारात वाढलेली बाई. फुकट म्हटलं की माझा हात आधी पर्सवर जातो. पण मला गरज होती, म्हणून गेले.

जाळीचा बनियन, गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि गळ्यात दोरीला बांधलेला चाकू, हा सरांचा गच्चीवरचा पोशाख. प्रत्येक काप घेतला की चाकू पोटावर पुसायचे. बनियनवर तिथे एक हिरवट काळा डाग कायमचा बसला होता. झाडाची काडी कापली की ती तोंडात धरायचे, विडीसारखी, आणि दोन्ही हात मोकळे करून रोपाला चीर द्यायचे. तोंडात काडी ओली राहते म्हणे. मग ती उष्टी, लाळेने चकाकणारी काडी तशीच चिरेत बसवायची. मला शिसारी यायची. बाकीच्या बायका मोबाईलवर फोटो काढायच्या.

काम बघायला सोपं. कोयीतून वाढलेलं वर्षभराचं रोप घ्यायचं. त्याला खुंट म्हणतात. त्याचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची. आपल्याला हव्या त्या झाडाची पेन्सिलीएवढी काडी आणायची, टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं करायचं, ते चिरेत सरकवायचं आणि प्लास्टिकची पट्टी करकचून गुंडाळायची. वरून काडीला लांबट पिशवी चढवायची, म्हणजे ती सुकत नाही. ही पिशवी बर्फाच्या कांडीची, शाळांबाहेर मिळते ती. सर नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक लालभडक कांडी हातात द्यायचे. "संपवा आणि पिशवी धुऊन आणा. तोवर मी बोलतो." बँकेतले साहेब, दाताच्या डॉक्टरीणबाई, सगळे ओठ लाल करून चोखत बसलेले. त्या दिवशी मीही हसले होते.

बोलायचे मात्र छान. टाकीच्या भिंतीवर खडूने पान काढायचे, एका रेषेत, हात न उचलता. म्हणायचे, "कोय लावलीत तर पोर येतं. पोर आईबापासारखं निघेल याची हमी नाही. कलम केलंत तर तेच झाड येतं. तेच, फक्त दुसऱ्याच्या पायांवर उभं." हे वाक्य ऐकलं आणि मी त्यांच्या वर्गात नाव घातलं.

कारण मला तेच झाड हवं होतं.

माझे वडील करमाळ्याकडून मुंबईत आले. आमच्या चाळीत नळाच्या बाजूला त्यांनी एक कोय पुरली होती. त्याचा आंबा झाला. फळ अंड्याएवढं, दोरे भरपूर, सालीला कापरासारखा वास आणि कोयीजवळ जराशी आंबट चव. तो चिरायचा आंबाच नव्हे. हातात मळून मऊ करायचा, देठ दाताने उडवायचा आणि चोखायचा. पहिला पाड उतरला की वडील आधी सगळ्या खोल्यांमधून वाटून यायचे, मग आमच्या घरात यायचा. उरलेले मी फाटकाबाहेर गोणपाटावर मांडून विकायची. फ्रॉक घालत होते तेव्हा. एक बाई म्हणाली, "पोरी, डझनावर दोन वर दे." मी म्हटलं, "दोन वर हवे तर वाटा दोन डझनांचा." ती दोन डझन घेऊन गेली. वडील नळाशी उभे राहून ऐकत होते. संध्याकाळी आईला म्हणाले, "ही उपाशी मरायची नाही."

माझं दुकान, माझा टेम्पो, सगळं त्या गोणपाटावरून सुरू झालं. वडील गेले तेव्हा झाड होतं, म्हणून घर रिकामं वाटलं नाही. मग चाळ पुनर्विकासाला गेली. कमिटीवाले म्हणाले, "ताई, टॉवर येतोय आणि तुम्ही झाडाचं काय घेऊन बसलात?" मी भांडले, कागद फाडले, एकाच्या अंगावर धावूनही गेले. झाड वाचणार नव्हतं. दिवाळीनंतर चाळ रिकामी करायची असं ठरलं.

झाड बघायला सर स्वतः चाळीत आले. हंगामाचे शेवटचे चार आंबे मी त्यांच्यासाठी राखले होते. सर मालवणकडचे. त्यांनी एक चोखला, दातांत अडकलेला दोरा बोटाने ओढून काढला, बघितला आणि झाडाच्या बुंध्याला पुसला.

"बरा आहे," म्हणाले. "लोणच्याला चालेल."

"सर, हा माझ्या वडिलांचा आहे."

"हो हो. भावनेचा भाग आहे, मला कळतं ना. घाटावरच्या आंब्याकडून आणखी काय अपेक्षा करायची?"

अडलेलं माझं होतं. बाजारात एखादा दलाल असं बोलला असता तर त्याच्या पेट्या रस्त्यावर गेल्या असत्या.

श्रावणात काड्या उतरवल्या. मी पिशवी भरून नेल्या आणि म्हटलं, "सर, एकदम दहा-बारा करू. पेटी घेताना दोन-चार डागी धरूनच मी भाव करते."

त्यांचा चेहरा पडला. वर्गासमोर मी थोबाडीत मारल्यासारखा. "गायकवाड बाई, माझ्या हातचं आजवर एकही कलम मेलेलं नाही. दहा करायची म्हणजे माझ्यावर दहा वेळा अविश्वास दाखवायचा."

"तुमच्यावर नाही हो, काडीवर."

"काडी माझ्या हातात आहे ना? मग झालं."

बोरकर मागून कुजबुजला, "ताई, सरांना दुखवू नका ना." सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, मी देवळात चप्पल घालून शिरल्यासारखा. मी नमतं घेतलं. आयुष्यात भाव न करता घेतलेली ती एकच वस्तू. खुंट मी चिरला, पाचर मी केली, पट्टी सरांनी गुंडाळली. कुंडी ओळखू यावी म्हणून मी तिच्यावर तांबड्या ऑइलपेंटने वडिलांचं आद्याक्षर काढलं. उरलेल्या काड्या सरांनी कचऱ्यात टाकल्या.

कुंडी गच्चीवरच, हिरव्या जाळीखाली राहायची, हा सरांचा नियम. पालवी फुटल्याशिवाय घरी न्यायची नाही. मी दर रविवारी जाऊन बघायची. पिशवीच्या आत वाफ धरलेली असायची, काही दिसायचं नाही. हात लावू द्यायचे नाहीत. 'मेलं' हा शब्द त्या गच्चीवर कुणी उच्चारायचा नाही. काडी काळी पडली, तरी "रुसलंय" म्हणायचं. रुसलेल्या कुंड्या सर टाकीमागे सावलीत नेऊन ठेवायचे आणि त्यांच्याशी मालवणीत बोलायचे. "काय रे बाबा, फुटतंस की नाय? बाय कधीची वाट बघता हा." लोक कौतुकाने हसायचे. आणि पंधरा-वीस दिवसांनी ती कुंडी टाकीमागून बाहेर यायची, तांबूस पालवी घेऊन. टाळ्या पडायच्या. डॉक्टरीणबाई तर एकदा रडल्या होत्या.

गणपतीत माझी कुंडी टाकीमागे गेली. मी विचारलं, "सर, अजून काड्या आणू? झाड आहे अजून."

"रुसलंय फक्त. विश्वास ठेवा."

दसऱ्याला कुंडी परत मिळाली. तीच कुंडी, तांबडं अक्षर तसंच, आणि आत हातभर कलम, वर सात-आठ पानं. मी सरांच्या पाया पडले. हे लिहिताना माझाच हात मला घाण वाटतोय.

दिवाळीनंतर झाड तुटलं. यंत्राच्या करवतीने, सकाळच्या चहाच्या वेळात संपलं. मी बघायला गेले नाही. माझ्याकडे कुंडी आहे ना, मनाशी म्हणाले.

त्या कुंडीतलं कलम पुढे निळ्या पिंपात गेलं आणि माझ्याबरोबर भाड्याच्या घरात आलं. तिथून नव्या टॉवरमध्ये. वॉचमन पिंप लिफ्टमध्ये घेऊ देईना. "मॅडम, मटेरियलला परमिशन लागते." मी म्हटलं, "हे मटेरियल नाही, माझा बाप आहे. कुणाची परमिशन आणू?" त्याने दार धरलं. पुढे एकदा मी पान चुरगाळून वास घेतला तर मला निराळाच वाटला. सरांना फोन केला. म्हणाले, "कुंडीतल्या झाडाचा वास बदलतो. मुळांना जागा कमी पडते ना." मी फळवाली, फळ मला अंधारात ओळखता येतं, पानं सगळी सारखीच. मानलं त्यांचं.

गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तीन फळं धरली. मला शंका फळं कच्ची असतानाच आली. खांदे भरायला लागले. आमचा आंबा असे खांदे काढत नसे. मी स्वतःला समजावत राहिले की खुंटाचा परिणाम असेल, खताचा असेल. एक पिकायला टोपलीत ठेवला. दोन-तीन दिवसांनी दार उघडून घरात पाऊल टाकलं आणि वास आला. हापूस. माझ्या दुकानात पेट्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात तो वास. टोपलीपर्यंत जायची गरजच नव्हती.

त्या दिवशी मी जेवले नाही. संध्याकाळी आंबा कागदात गुंडाळून सरांकडे गेले.

सर तेव्हा आजारी होते. हॉलमध्ये आरामखुर्चीत, पाय सुजलेले, बनियन अंगावर लोंबत होता. चाकूची दोरी खुर्चीच्या हाताला अडकवलेली. काकूंनी पाणी आणलं. मी आंबा त्यांच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "सर, हा कुठला?"

त्यांनी देठाशी नाक लावलं. तोंड उजळलं. "हापूस. आणि चांगला अढीत पिकलेला. दुकानातला का?"

"गॅलरीतला. तुम्ही दिलेल्या कलमाचा."

काकू स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

"असं होतं कधी कधी," सर म्हणाले.

"काय होतं? आंबा जात बदलतो?"

"रुसलं होतं."

"मेलं होतं म्हणा."

त्यांनी नाही म्हटलं तो शब्द.

"कधी कळलं तुम्हाला?"

"गणपतीत. काडी काळी पडली होती."

"आणि झाड दिवाळीनंतर तुटलं. मधे इतके दिवस ते तिथे नळाशी उभं होतं सर. मी विचारलं होतं तुम्हाला, काड्या आणू का. मी गोणीने आणल्या असत्या. रात्रंदिवस बसून खुंट चिरले असते. शंभरातलं एक लागलं असतं."

"तू किती आशेने यायचीस," ते म्हणाले. मला ते नेहमी तुम्ही म्हणत. तेव्हा पहिल्यांदा एकेरीवर आले. "तुझं तोंड बघून मला सांगवेना."

"माझं तोंड बघून की तुमची फुशारकी बघून?"

काकू हळूच म्हणाल्या, "मी सांगत होते यांना." सरांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. आंबा दोन्ही तळव्यांत फिरवत राहिले. मग एकदम, शाळेतला पोरगा चोरी पकडल्यावर उलटा चिडतो तसे, म्हणाले, "हापूस दिलंय मां तुका. वायट काय दिलंय?"

हापूस मी पेट्यांनी विकते, हे सांगायचं होतं. पण मला दिसलं की त्यांना खरंच कळत नव्हतं. लोणच्याचा आंबा घेऊन आलेल्या बाईला त्यांनी कोकणचा राजा दिला होता. त्यांच्या हिशेबी माझं भलंच झालं होतं. खोटेपणाचा मला राग आला होता. या दानतीची मात्र किळस आली.

तेवढ्यात त्यांनी आंब्याचा देठ दाताने उडवला आणि तो खायला लागले. मी समोर उभी. हापूस चिरून खायची शिकवण आम्हाला देणारा माणूस तो चोखत होता, आमच्या चाळीतल्यासारखा. रस हनुवटीवरून गळ्यात, गळ्यावरून त्या हिरव्या डागावर. काकू नॅपकिन घेऊन पुसत होत्या आणि ते मान बाजूला घेत होते. साल आतून दातांनी खरवडली. माझा पुरावा माझ्यासमोर संपवला. कोय पांढरी होईपर्यंत चोखली आणि काकूंच्या हातात दिली.

"टाकू नको हां. धुऊन सावलीत वाळव. खुंट होईल."

मी पिशवी उचलून निघाले. दारातून बघितलं तर ते बोटांच्या बेचक्यातला रस चाटत होते. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

खाली बोरकर भेटला. त्याला मी जिन्यातच धरलं. "तुला माहीत होतं?"

तो गडबडला नाही, हे विशेष. म्हणाला, "ताई, गाडी माझीच असायची. बदलापूरच्या पुढे एका नर्सरीतून आणायचो आम्ही. सगळ्यांचीच नाही हो, रुसलेली तेवढी. सर म्हणायचे, माणूस एकदा हरला की पुन्हा चाकू हातात धरत नाही. लोक किती खूश व्हायचे, तुम्ही बघितलंय ना?"

"मी रोज हरते. पहाटे मार्केटला रोज कुणीतरी मला गंडवतं आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जाते. मला हरायला शिकवायची गरज नव्हती. मला सांगायला हवं होतं."

"आता झालं गेलं ना ताई."

मी त्याला बाजूला सारून गच्चीवर गेले. टाकीमागे सिमेंटच्या दोन गोण्या होत्या. आत वाळलेले खुंट, पट्ट्या तशाच, काहींवर बर्फाच्या कांड्यांच्या पिशव्याही तशाच, उन्हाने पिवळ्या पडलेल्या. लोकांच्या गावच्या, माहेरच्या, अंगणातल्या काड्या. मी उकिडवी बसून एकेक काढून बघितली. माझी कुठली ते ओळखता आलं नाही.

हापूसचं झाड अजून माझ्या गॅलरीत आहे. पाणी घालते. झाडाचा काय दोष? फळ मात्र मी तोंडात घालत नाही. लिफ्टचं दार धरणारा वॉचमन घेऊन जातो.

हे सगळं मी स्वतःशीच ठेवलं असतं. मेलेल्या माणसाशी भांडून हाती काय लागणार? पण वर्ग अजून चालू आहे. सरांची चाकूची दोरी आता बोरकरच्या गळ्यात आहे, आणि गेल्या महिन्यात पाटील मावशी वर्गाला येऊ लागल्या. त्या इथल्या जुन्या गावठाणातल्या, माझ्या दुकानातून दर गुरुवारी केळी नेतात. त्यांच्या घरामागे नवऱ्याने लावलेलं सीताफळ आहे. रस्ता रुंद होणार, घराची मागची भिंत जाणार, झाड जाणार. मावशींनी काडी नेली. बोरकरने एकच कलम केलं. एकच.

परवा मी मुद्दाम गच्चीवर गेले. मावशींची कुंडी जाळीखाली होती. पिशवीतली वाफ सकाळच्या उन्हात जरा विरली होती आणि आतली काडी दिसत होती. काळी, टोकापासून जोडापर्यंत. मी मावशींना सांगितलं. त्या माझ्यावरच रागावल्या. "तुझ्या जिभेला हाड नाय. बोरकरभाऊ बोलला, रुसलीय, फुटंल." माझा शब्द त्यांना पुरत नाही. त्याचा पुरतो.

तेव्हा बोरकर, ही घे तुझी आठवण. छाप किंवा नको छापू. नाही छापलीस तर दुकानाच्या शटरवर मी चिकटवेन, तो माझा प्रश्न. सर उत्तर द्यायला नाहीत, तू आहेस. या रविवारी सगळ्यांसमोर मावशींच्या कुंडीवरची पिशवी काढ, पट्टी सोड, आणि काय दिसतं ते तुझ्या तोंडाने सांग. रुसलंय म्हणू नकोस. जो शब्द आहे तो म्हण. त्यांचं सीताफळ अजून उभं आहे.